कृमिज आणि राजार्ह

अलंकार म्हटला कीं तो चकाकला पाहिजे, निदान चार हातांवरून ओळखूं तरी आला पाहिजे, अशी आपल्याकडील जुनी समजूत आहे. सोन्याचा पिवळेपणा, हिऱ्याचें पाणी, मोत्याची झांक हीं सारीं डोळ्यांचीं सुखें. आणि तीं घालणारीपेक्षां पाहणाऱ्यांच्याच वांट्यास अधिक येतात. नथ घातलेल्या बाईला स्वतःची नथ आरशावांचून धड दिसतही नाहीं. अशा समजुतींत वाढलेल्या माणसाला, चीन देशांतील सधन स्त्रिया काळपट लाकडाच्या मण्यांची माळ मनगटाभोंवतीं गुंडाळतात, त्या मण्यांना ना रंग ना तेज, आणि तरीही त्यांतील उत्तम प्रतीच्या मण्यांचें मोल वजनास वजन सोन्याच्याही पुढें जातें, असें सांगितलें तर तें त्याला थट्टेचें वाटण्याचा संभव आहे. पण ती थट्टा नव्हे. त्या माळेच्या मागें सौंदर्याचा, मालकीचा आणि दुसऱ्याच्या दुःखाचा असा एक गुंतलेला प्रश्न आहे, आणि त्याचा विचार वाचकांपुढें मांडावा असें बरेच दिवस आमच्या मनांत होतें.

हें लाकूड आपणांस अगदींच परकें नाहीं. आपला अगरु किंवा ऊद तोच हा. अगरबत्ती आणि उदबत्ती या दोन शब्दांत तो घरोघर उरला आहे. मात्र शब्दांतच उरला आहे, कारण बाजारांतल्या काडींत खरा ऊद सांपडणें दुर्मिळ, आणि ज्यानें साठ वर्षें देवापुढें उदबत्ती लावली त्यानें ऊद डोळ्यांनीं पाहिलेला असतोच असें नाहीं. आसामांत हें झाड लोक परसांत लावतात. बाणभट्टानें हर्षचरितांत कामरूपाच्या राजानें हर्षाकडे पाठविलेल्या नजराण्याचें वर्णन केलें आहे; त्यांत काळ्या अगरूचें तेल आहे आणि अगरूच्या सालीवर लिहिलेलीं पुस्तकेंही आहेत. चीनमधील जात ही आसामांतल्या जातीची धाकटी बहीण म्हणावी. ती दक्षिणेकडे, ग्वांगडोंग व ग्वांगशी प्रांतांत, हैनान बेटावर आणि हाँगकाँगच्या डोंगरउतारांवर वाढते. हाँगकाँग या नांवाचा अर्थ सुगंधाचें बंदर. हें नांव या लाकडाच्या व्यापारावरून पडलें, अशी एक प्रचलित उपपत्ति आहे.

निरोगी झाड तोडून पाहिलें तर हातीं काय लागतें? पांढुरकें, हलकें, मऊ लाकूड. त्याला म्हणण्यासारखा वास नाहीं आणि घर बांधावयास त्याचा उपयोग नाहीं. पण झाडावर वीज पडावी, वादळानें फांदी मोडावी, किड्यानें खोड पोखरावें किंवा कोणीं कुऱ्हाडीचा घाव घालावा. मग त्या जखमेंतून बुरशी आंत शिरते, आणि तिला अडविण्यासाठीं झाड जखमेभोंवतीं राळेसारखें एक द्रव्य सांठवूं लागतें. हें काम वर्षानुवर्षें, कधीं कधीं माणसाच्या दोन-तीन पिढ्या चालतें. ज्या लाकडांत ही राळ मुरली तें काळें, जड आणि सुगंधी होतें. राळ भरपूर असली तर तें पाण्यांत बुडतें, आणि म्हणूनच चिनी लोक त्याला ‘छन्-श्यांग’, म्हणजे बुडणारा सुगंध, असें म्हणतात. रसायनशास्त्रज्ञांनीं या राळेंतून सेस्क्विटर्पीन व क्रोमोन या वर्गांतील पुष्कळ द्रव्यें वेगळीं काढलीं आहेत. निरोगी लाकडांत तीं जवळजवळ नसतातच. इजा नाहीं तर सुगंधही नाहीं, हें येथें कवीचें बोलणें नसून वनस्पतिशास्त्रांतली साधी गोष्ट आहे.

नांवांचीच गंमत पाहा. संस्कृतांत ‘अगुरु’ याचा सरळ अर्थ ‘जड नव्हे तें’ असा होतो, आणि चिनी नांव तर त्याच्या जडपणावरूनच पडलेलें. व्युत्पत्तीचा वाद पंडितांकडे सोंपवून आम्ही एवढेंच म्हणतों कीं दोन्ही नांवें खरीं ठरतात; एक झाड धडधाकट असतांनाचें आणि दुसरें तें घायाळ झाल्यानंतरचें. याहून मोठी गंमत अमरकोशांत आहे. तेथें अगरूचे जे पर्याय दिले आहेत त्यांत ‘राजार्ह’ हा एक आणि ‘कृमिज’ हा एक, असे दोन्ही एकाच ओळींत बसले आहेत. राजाला योग्य असें, आणि किड्यापासून उपजलेलें असें. अमरसिंहानें त्यावर भाष्य केलें नाहीं. कोशकाराचें तें कामही नव्हे. पण ज्या वस्तूला हीं दोन्ही नांवें शोभतात ती अंगावर घालणाऱ्यानें त्यांपैकीं एकच लक्षांत ठेवावें कीं दोन्ही, हा प्रश्न आपणांस टाळतां येत नाहीं.

चिनांत अगरूचा मुख्य उपयोग धूप म्हणूनच होत आला. आपल्याकडेही तोच होता. संस्कृत काव्यांतील स्त्रिया न्हाल्यावर केस काळ्या अगरूच्या धुरावर धरतात. पण जाळलेला अगरु एका संध्याकाळींच संपतो. मणी करून घातलेला अगरु घालणारीच्या आयुष्यांत तरी संपत नाहीं. छिंग राजवटीच्या काळांत (१६४४–१९१२) प्रतिष्ठित घराण्यांतील स्त्रिया सुगंधी लाकडाच्या अठरा मण्यांची माळ अंगरख्याच्या गुंडीला अडकवीत. बीजिंगच्या राजवाडा-संग्रहालयांत अगरूच्या लाकडाचीं कांकणें आहेत, त्यांवर ‘दीर्घायुष्य’ या अर्थाचें अक्षर सोन्यानें जडविलेलें आहे. आम्हांस त्यांतली विशेष गोष्ट ही वाटते कीं, जें सोनें इतरत्र धनी असतें तें तेथें लाकडाच्या चाकरीला राहिलें आहे. आज चीनमध्यें मनगटावरचे मणी, तीन-चार वेढे घेणारी १०८ मण्यांची माळ, कोरीव पदक अशा नाना रूपांनीं हा अलंकार पुन्हा मानाला चढला आहे. ‘छीनान’ नांवाची जी सर्वोत्तम प्रत, ती मऊ व तेलकट असते आणि विस्तवावांचूनच दरवळते. बाकीच्या प्रतींचा गंध मंद. अंगाची ऊब लागली म्हणजे तो जागा होतो.

हा गंध जातो तरी किती दूर? हातभर. हात तोंडाजवळ नेला, केंस सारखे केले, मुलाला कुशींत घेतलें, कीं तेवढ्यापुरता तो येतो आणि जातो. सभेंत शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या बाईलाही त्याचा पत्ता लागेलच असें नाहीं. म्हणजे जगांतील बहुतेक दागिने ज्या हेतूनें घातले जातात तो हेतु येथें साधतच नाहीं. आपल्याकडे स्त्रीच्या दागिन्यांकडे पाहणें म्हणजे बहुधा तिच्या नवऱ्याच्या ऐपतीकडे पाहणें असतें. लग्नघरीं बायकांच्या नजरा गळ्यांवरून कशा फिरतात हें ज्यांनीं पाहिलें आहे त्यांना अधिक सांगावयास नको. त्या नजरांच्या बाजारांत अगरूची माळ कवडीमोल आहे. जिनें ती घातली तिच्यासाठींच ती आहे, आणि जे तिच्या अगदीं जवळचे त्यांच्यासाठीं. स्वतःला प्रसन्न वाटावें एवढ्याचसाठीं घातलेला अलंकार ही कल्पना आम्हांस मोठी सुसंस्कृत वाटते, आणि या लाकडाच्या मोहाचें जें शुद्ध अंग तें हेंच असें आमचें मत आहे.

परंतु मोहाचें दुसरेंही एक अंग आहे. ज्या बाईला नुसता सुगंधच हवा ती इतकें मोल कां देते? आपल्या अंगणांतला प्राजक्त पाहा. त्याचा सडा पहांटे फुकट पडतो. त्याच्या वासाला कोणीं हिणकस म्हटल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. मोगऱ्याचा गजरा चार पैशांचा काय आणि चाळीस रुपयांचा काय, सुगंध तोच. उलट अगरूच्या बाबतींत पहिला प्रश्न विचारला जातो तो असा कीं, हें रानांतलें कीं लावलेलें? कोणत्या डोंगरावरचें? किती वर्षांचें? नाकाला जो भेद कष्टानेंच कळतो त्यासाठीं दसपट दाम मोजला जातो. येथें आनंद वस्तूचा राहिला नाहीं. ती इतरांपाशीं नाहीं, याचा झाला. दुर्मिळतेचा मोह जसजसा खरवडून पाहावा तसतसा त्याच्या तळाशीं दुसऱ्याचे रिकामे हात दिसूं लागतात, असें आम्हांस वाटतें.

हें म्हणणें पुरतें न्याय्य मात्र नाहीं, हेंही लगेच सांगितलें पाहिजे. जुन्या वस्तूविषयीं माणसाला जो आदर वाटतो त्यांत मत्सराहून कांहीं निराळें असतें. आजीच्या पाटल्या नव्या सोन्याच्या पाटल्यांपेक्षां वजनानें कमी भरल्या तरी आपण त्या मोडावयास तयार होत नाहीं. ज्या राळेला जमावयास साठ-सत्तर वर्षें लागलीं, तींत माणसाच्या हातून न होणारें असें कांहीं आहे, आणि त्या काळाला वाकून केलेला नमस्कार म्हणून कोणी मोल देत असेल तर त्याला आम्ही हंसणार नाहीं. फक्त त्यानें आपल्या मनाला एकदां नीट विचारावें कीं, हा नमस्कार शेजारीण पाहत नसतीं तरी मीं केला असता काय?

दुर्मिळता आली कीं लबाडी तिच्या पाठोपाठ येतेच. साध्या लाकडाला तेलांत मुरवून, भुसा दाबून त्याचे मणी पाडून, बुडावेत म्हणून त्यांत जड भुकटी भरून खोटा अगरु सर्रास विकला जातो. कित्येक स्त्रिया तो जन्मभर खरा म्हणून वापरीत असतील आणि त्यांच्या समाधानांत कणभरही उणेपणा येत नसेल. या फसवणुकींत त्यांचें काय गेलें, हा प्रश्न तर्कशास्त्राला फार आवडेल. आम्हांस तितकासा महत्त्वाचा वाटत नाहीं. त्यांचे पैसे गेले, आणि विकणाऱ्याचा धर्म गेला. खऱ्या अगरूनें ज्या गोष्टी गमावल्या जातात त्या याहून मोठ्या आहेत.

त्यांच्याकडे आतां वळूं. मोती, लाख, कस्तुरी, अगरु: माणसानें ज्या वस्तूंना मूल्यवान् म्हणून डोक्यावर घेतलें त्यांपैकीं कित्येक कोणाच्या ना कोणाच्या दुखण्यांतून किंवा मरणांतून निघाल्या आहेत. शिंपल्याला जें खुपलें तें आपल्या गळ्यांत शोभतें. जोंवर ही इजा दैवानें झाली तोंवर आपला दोष नाहीं. विजेनें फोडलेल्या झाडांत कोणाला सुगंध सांपडला तर तें त्याचें भाग्य. पण सुगंधाला गिऱ्हाईक मिळालें कीं विजेची वाट पाहण्याइतका धीर कोणाला उरत नाहीं. मग घाव घालणारा हात निराळा, मणी ओवणारा निराळा, विकणारा निराळा आणि घालणारा निराळा. आणि प्रत्येक हात म्हणतो कीं मी स्वच्छ आहें.

या स्वच्छपणाची झडती नऊशें वर्षांपूर्वीं एका चिनी कवीनें घेतली होती. सू शी, ज्याला सू तुंग-पो असेंही म्हणतात, तो राजकारणाच्या उलथापालथींत हैनान बेटावर हद्दपार झाला आणि १०९७ पासून ११०० पर्यंत तेथें राहिला. हैनानचा अगरु त्या वेळीं चीनभर नांवाजलेला होता. सू शीला त्याचें मनापासून वेड. आपल्या धाकट्या भावाच्या साठाव्या वाढदिवशीं त्यानें डोंगराच्या आकाराचा अगरूचा एक तुकडा भेट म्हणून पाठविला आणि त्यावर एक काव्यही लिहिलें. पण त्याच बेटावर त्यानें आणखी एक टिपण लिहिलें, आणि तें आम्हांस त्या काव्याहून मोलाचें वाटतें. त्यांतील हकीकत अशी. मुख्य भूमीवरून व्यापारी एकेका तारवांत शंभर शंभर बैल कोंबून हैनानला आणीत. वारा फिरला कीं तहानभुकेनें कित्येक बैल वाटेंतच मरत. बेटावरील लोक आजारांत औषध न घेतां देवापुढें बैल मारीत. आणि डोंगरांतील ली जातीचे लोक अगरु देत तो फक्त बैलांच्या मोबदल्यांत. त्यांना मिळालेला प्रत्येक बैल भुतांखेतांना बळी जाई. सू शीचा निष्कर्ष असा कीं, मुख्य भूमीवरचे भाविक बुद्धापुढें हा अगरु जाळून पुण्याची अपेक्षा करतात, पण वास्तविक ते बैलाचें मांस जाळीत आहेत. मग त्याचें पुण्य कोठून लागणार? ल्यू त्सुंग-युआन नांवाच्या पूर्वींच्या कवीनें बैलावर लिहिलेलें काव्य त्यानें स्वतःच्या हातानें उतरून तेथील एका भिक्षूला दिलें, अशासाठीं कीं त्यानें तें लोकांना वाचून दाखवावें.

भावाला अगरु पाठविणारा आणि अगरूंत मांसाचा वास येणारा मनुष्य एकच, यांत विसंगति आहे असें कोणी म्हणेल. आम्हांस तसें वाटत नाहीं. ज्याला सुगंधाची गोडीच नाहीं त्यानें सुगंधाचा निषेध करणें सोपें आहे. त्यांत त्याचें कांहीं जात नाहीं. ज्यानें ती वस्तु हातांत घेऊन तिच्यावर प्रेम केलें, त्यालाच तिची किंमत कोण भरतो हें विचारण्याचा खरा अधिकार, आणि खरा त्रासही. सू शीनें झाडाचें दुःख मांडलें नाहीं, हेंही ध्यानांत घेण्याजोगें आहे. त्यानें बैलाचें मांडलें. झाडाला वेदना होते कीं काय या वादांत न शिरतां त्यानें व्यापाराची सांखळी एकेक कडी धरून मागें नेली आणि जेथें जिवंत प्राणी हंबरत होता तेथें तो थांबला. नीतिविचाराची ही पद्धत आम्हांस फार निकोप वाटते.

आज बैलांचा व्यापार राहिला नाहीं. पण सांखळी आहे, आणि ती मागें मागें नेली तर रानांत पोंचते. झाडाच्या पोटांत राळ आहे कीं नाहीं हें बाहेरून खात्रीनें सांगतां येत नाहीं. म्हणून चोर एकामागून एक झाडें तोडीत व सोलीत जातात, आणि एखाद्याच झाडांत माल सांपडतो. ज्या मण्यांची माळ होते त्यांच्या मागें ज्यांत कांहींच निघालें नाहीं अशीं झाडें रानांत आडवीं पडलेलीं असतात. त्यांचा हिशेब पावतीवर येत नाहीं. आसामी जातीच्या अगरूचा आंतरराष्ट्रीय व्यापार १९९५ पासून आणि या कुळांतील सर्वच जातींचा २००५ पासून परवान्याच्या बंधनाखालीं आला. चीननेंही आपल्या देशांतील रानटी झाडाला संरक्षण दिलें आहे. तरी चोरतोड थांबलेली नाहीं. हाँगकाँगच्या वनखात्यानें २००९ पासून दरवर्षीं सुमारें १०,००० रोपें लावण्याचा क्रम ठेवला, मोठ्या झाडांभोंवतीं लोखंडी कुंपणें घातलीं, आणि घाव बसलेल्या झाडांना बुरशी न धरूं देणारा रंग फांसला. या रंगाची युक्ति विचार करण्यासारखी आहे. जखमेंत बुरशी शिरली नाहीं म्हणजे राळ धरत नाहीं, राळ नाहीं म्हणजे चोर परत येत नाहीं. झाडाचा जीव वांचवावयाचा तर त्याला सुगंधी होऊं देतां कामा नये, अशी पाळी आली आहे.

मग लागवडीच्या अगरूचें काय? दक्षिण चीनमध्यें आज याचे मोठाले मळे आहेत; खोडाला भोंकें पाडून त्यांत बुरशी किंवा औषध भरतात आणि थोड्याच वर्षांत राळ धरते. शौकीन लोक या मालाला नाकें मुरडतात. आम्ही स्वतः अशा वेळीं त्या मळेवाल्याच्या बाजूचे आहोंत. घाव तोही घालतो, पण ज्या झाडाला घालतो तें त्यानें स्वतः लावलेलें, आणि त्याच्या जागीं तो दुसरें लावणार. त्याच्या मण्याचा गंध कदाचित् उथळ असेल. जुन्या मण्यासारखा क्षणाक्षणाला पालटत नसेल. जिला सुगंध हवा तिचें त्यावर भागतें. जिचें भागत नाहीं तिला सुगंधाहून आणखी कांहीं हवें आहे, आणि तें काय हें तिला आम्हांपेक्षां चांगलें ठाऊक असेल.

आतांपर्यंत स्त्रियांचा उल्लेख आला तो माळ घालणाऱ्या म्हणून. सांखळीच्या दुसऱ्या टोकालाही स्त्रिया होत्या. ग्वांगडोंगमधील डोंगग्वान तालुक्यांत पूर्वीं अगरूची लागवड हा घराण्यांचा धंदा असे. सतराव्या शतकांतला ग्वांगडोंगचा लेखक च्यू ता-च्युन (१६३०–१६९६) यानें आपल्या प्रांताविषयीं लिहिलेल्या मोठ्या ग्रंथांत ‘लेकीचा अगरु’ नांवाच्या एका प्रतीची माहिती दिली आहे. अगरु लावणाऱ्या घरांतील बायकामुली मालाच्या कडाकोपऱ्यांवरून, जेथें राळ दाट धरलेली असे तेथून, कोणाच्या नकळत लहानसा कपचा कापून लपवून ठेवीत. लोककथेंत पुढें अशीही भर पडली आहे कीं, त्या तो छातीशीं लपवीत व फेरीवाल्याला देऊन त्याच्याकडून पावडर आणि ओठांचा रंग घेत. आपल्या येथील नीतिपाठाच्या पुस्तकांत या गोष्टीला चोरी असें नांव मिळालें असतें. आम्हांस तें नांव देववत नाहीं. ज्या घरचा धंदा त्याच घरच्या त्या बायका; तरी मालाच्या विक्रींत त्यांचा वांटा कोणीं धरलेला दिसत नाहीं, आणि जें उघडपणें मिळत नाहीं तें त्या कोपऱ्यांवरून घेत. आपल्या घरांतून धान्याच्या कणगींत किंवा डब्याच्या तळाशीं चार नाणीं लपविणाऱ्या आयाआज्या ज्यांना आठवत असतील त्यांना हें निराळें समजावून सांगण्याचें कारण नाहीं.

त्या कपच्यांचें पुढें काय झालें तेंही च्यू ता-च्युन सांगतो. ते काळेभोर आणि तेलकट असत, मळ्यांतल्या सगळ्या मालाहून सरस. रसिक लोक चढाओढीनें मोठी किंमत देऊन ते विकत घेत, आणि नांव मात्र लेकींचेंच ठेवीत.